ड्रॅग रेस: ४०२ मीटरसाठी एवढा आटापिटा कशाला?

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये गाड्यांवर जीव टाकणारी मंडळी कमी नाहीत. त्यांचे डोळे लागलेले असतात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीकडे. ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग रेस तिथे भरत आली आहे.

शर्यत सरळ रेषेत, पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो. खरी गंमत घड्याळात आहे. ते हिरव्या दिव्याबरोबर नव्हे, तर पुढचे चाक सेन्सरच्या किरणापुढून सरकले की सुरू होते. म्हणजे दिवा पाहून निघायला उशीर केला, तर कमी वेळ नोंदवूनही रेस हातची जाऊ शकते. आणि सुटताना टायर जागेवरच फिरले, तर जास्तीची हॉर्सपॉवर काय कामाची?

हीच हौस सार्वजनिक रस्त्यावर भागवली, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ लागते: पहिल्याच गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगी घेतलेल्या बंद धावपट्टीवर ती धास्ती नाही. मात्र नेहमीच्या वाहन विम्यातून शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. रोज हिंजवडीला नेणारी, हप्ते सुरू असलेली गाडीच स्टार्ट लाइनवर लावणाऱ्याने पॉलिसीतले ते कलम आधी वाचलेले बरे.