दाद मागण्याच्या वाटा : बुलढाण्यातून एक मागोवा

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ प्रसिद्ध करून पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरा न्याय का, असा सवाल केला, तेव्हा काही जातींतील रूढीची काडीमोड वगळता हिंदू पत्नीला विवाहातून मोकळे होण्याची वाट नव्हती. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येऊ लागला. वऱ्हाडातील हिंदू स्त्रीला मात्र त्यासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली, आणि परस्परसंमतीचा घटस्फोट त्यात १९७६ साली आला.

तथापि टाकून दिलेल्या स्त्रीपुढे घटस्फोटाआधी पोटाचा प्रश्न उभा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीला, म्हणजे निर्वाहासाठीच्या दरमहा रकमेला, २००१ पर्यंत पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने राहत्या घरातील निवाऱ्याचा हक्कही दिला, मग ते घर कोणाच्याही नावावर असो.

दाद कोठे मागायची, हेही बदलत गेले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले, तर २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी घटस्फोटाचा अर्ज करण्याची मुभा दिली. त्यामुळे माहेरी परतलेल्या संग्रामपूर किंवा लोणारच्या लेकीला पुण्या-सुरतेच्या खेपा घालण्याची गरज उरली नाही.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन्ही पक्षांना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्यास सांगितले. शेतकऱ्यांसाठीच्या स्वतंत्र नमुन्यात जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पिके कोणती, गुरे किती आणि जमिनीवर कर्ज किती, हे लिहावे लागते; त्यामुळे पगाराची पावती नसलेल्या सोयाबीन-कपाशीच्या घरातही ‘उत्पन्नच नाही’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

या वाटा एकमेकींना छेद देत नाहीत. आधीचा आदेश न दडवता त्या एकत्रही चालता येतात, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. ताराबाईंनी मागितलेला समान न्याय कायद्याच्या पुस्तकात बऱ्याच अंशी उतरला आहे; तो गावोगावच्या लेकींना ठाऊक करून देणे, हे आज उरलेले काम आहे.