उरलेल्या चार कॅप्सूल

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत घरटी एक माणूस तापाने झोपलेला होता. एका संध्याकाळी शेजारच्या वैनी दारात आल्या. "जय भीम भाऊजी, तुमच्याकडं ती कॅप्सूल हाय का? पोराला ताप आलाय. आक्काच्या दाढंला तिचाच गुण आला हुता."

कॅप्सूल होती. आमच्याच दाढेच्या वेळची ॲमॉक्सिसिलिन, पाकिटात चार उरलेल्या. त्यातली एक आम्ही काढून दिली. शेजारधर्म! तासाभरात बारा वर्षांच्या त्या पोराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शने देऊन पोराला सावरले आणि मग विचारले, "ही गोळी सांगितली कोणी?" आम्ही मान खाली घातली. लहानपणी असेच एक औषध त्याच्या अंगावर उठले होते, हे वैनींना ठाऊक होते. आम्ही विचारलेच नव्हते.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. पण त्या रात्रीनंतर डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना विचारून विचारून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनच्याच घराण्यातले औषध. १९२८ साली फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलीन सापडले. आपल्या पुणे जिल्ह्यात, पिंपरीला, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो हेच औषध गोरगरिबांना मिळावे म्हणून. जिवाणूला स्वतःभोवती भिंत बांधावी लागते. हे औषध ती भिंत पुरी होऊ देत नाही, म्हणून जिवाणू फुटून मरतो. आपल्या शरीरातील पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपण वाचतो. विषाणूलाही भिंत नसते. म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू, करोना यांवर या गोळीचा काडीचाही उपयोग नाही. आळीतला ताप बहुधा असलाच होता. म्हणजे पोराला जे सोसावे लागले ते फुकटच.

उपयोग कुठे? जिवाणूंमुळे आलेली घशाची सूज, कानातला पू, दाढेचा गळू, लहान मुलांचा न्यूमोनिया. जठरातील अल्सरच्या काही रोग्यांना इतर औषधांबरोबर देतात. न्यूमोनियाच्या लेकराला ही साधी, स्वस्त गोळी जीवदान देते, हेही विसरू नये.

त्रास म्हणाल तर जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ हे नेहमीचे. तोंडात पांढरे चट्टे येतात, बायकांना अंगावरून पांढरे जाऊन खाज सुटते. जुलाबात रक्त दिसले, डोळे पिवळे झाले, ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगावे. मात्र तापात आलेला प्रत्येक पुरळ औषधाचाच असतो असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. लेकरांच्या बाटलीतल्या भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे, दर वेळी बाटली हलवावी आणि लेबलावरच्या मुदतीनंतर उरलेले फेकून द्यावे.

आता कारकुनी हिशेब. दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, म्हणजे १५ कॅप्सूल. हजेरीवर जाणारा माणूस खिशात हात घालून म्हणतो, "सध्या सहाच द्या." दोन दिवसांत ताप उतरतो, तो कामावर जातो. आम्ही त्याला दोष देत नाही, एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. पण अर्धवट मात्रेत जे जिवाणू तगतात, ते त्या औषधाला सरावतात आणि मग शेजाऱ्याच्या लेकरालाही ती गोळी लागू पडत नाही. अपुऱ्या मात्रेचा हा धोका खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच सांगून ठेवला होता. त्यातून ज्याच्या घरात गोळ्या उरतात, तो आमच्यासारखा दानशूर होतो!

पैशाची अडचण असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. बारामती-इंदापूरकडच्या गावांना प्राथमिक आरोग्य केंद्र फार लांब नाही. रांग असते, हे खरे. मेडिकलमध्ये पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे न शिकलेल्या माणसालाही ओळखता येते.

जाता जाता गोठ्याचे. कास सुजलेल्या गाईलाही याच जातीची औषधे देतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचे दूध डेअरीला घालू नये, घरच्या चहातही ओतू नये.

वैनींच्या पोराच्या केसपेपरवर डॉक्टरीणबाईंनी लाल शाईने लिहिले आहे, 'पेनिसिलीन चालत नाही'. त्याची एक झेरॉक्स त्याच्या दप्तरात असते, दुसरी आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. उरलेल्या तीन कॅप्सूल आम्ही त्याच रात्री मेडिकलवाल्याकडे नष्ट करायला दिल्या.