घरातील दहा मिनिटे, घाटातील दोन तास

जव्हार-मोखाड्याच्या बाजारपेठेत पुढे दुकान आणि मागे घर ही जुनी रचना अजूनही पाहावयास मिळते. मागच्या खोलीत पलंगावर खिळलेल्या सासूबाई, मधल्या दारात सून आणि गल्ल्यावर मुलगा, असे चित्र अनेक कुटुंबांना परिचित आहे. पक्षाघात झालेला असतो किंवा मांडीचे हाड मोडलेले असते. अशा घरात एके दिवशी अचानक थंडी वाजून ताप येतो, काल नीट बोलणारी वृद्धा आज माणसे ओळखेनाशी होते आणि डॉक्टर सांगतात, “उद्या सकाळी लघवीचा नमुना आणून द्या.”

वाक्य सहा शब्दांचे. पण ते पार पाडणे सोपे नसते. चालत्या-फिरत्या माणसाला बाटली दिली की काम होते. अंथरुणावरील माणसाच्या बाबतीत मात्र ते दुसऱ्याच्या हातांनी, दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावे लागते. ज्या सासूबाईंनी आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना हे किती जड जात असेल! बहुतेक वृद्धा तक्रार करत नाहीत. त्या फक्त पाणी पिणे कमी करतात. सुनेला रात्री उठावे लागू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु पाणी कमी झाले की मूत्राशय पुरेसे धुतले जात नाही आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. चौविहार पाळणाऱ्या घरांत तर हे अधिक जपावे लागते. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असेल, तर दिवसभरात ठरावीक वेळाने, मागण्याची वाट न पाहता, उकळलेले पाणी पुढे करावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

म्हणून पहिली तयारी बाटलीची नव्हे, बोलण्याची. नमुना का हवा, तो कोण घेणार आणि किती वेळ लागेल, हे आदल्या रात्रीच सांगावे. सून घेणार की मुलगी की शेजारची परिचारिका, ही निवड शक्य तेथे त्यांचीच असावी. सासऱ्यांच्या बाबतीत मुलाने गल्ला तासभर दुसऱ्याकडे सोपवावा. हे काम सुनेवर ढकलण्याची आपल्या घरांतील रीत फारशी भूषणावह नाही. दुकानाकडचे दार लावावे, मुलांना बाहेर पाठवावे आणि अंगावर चादर राहू द्यावी. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निर्विचिकित्सेसाठी उद्दायन राजाचे नाव येते. रोगी मुनींची वांती किळस न मानता स्वतःच्या हातांनी साफ करणाऱ्या त्या राजाची कथा घराघरांत सांगितली जाते. तिची परीक्षा घरातल्या बेडपॅनपाशी होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी: निर्जंतुक, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. लोणच्याची किंवा औषधाची धुतलेली बाटली कितीही लख्ख दिसली तरी चालत नाही. हात साबणाने धुवावेत. पाठीमागे उशा देऊन शक्य तितके बसते करावे आणि बेडपॅन कोमट पाण्याने धुऊन, पुसून घ्यावे. थंडगार भांड्याचा स्पर्श झाला की आलेली लघवीही थांबते. स्त्रियांच्या बाबतीत साबण-पाण्याने पुढून मागे, याच दिशेने स्वच्छता करावी. उलट पुसल्यास शौचाच्या जागेतील जंतू नमुन्यात येतात. पुरुषांची पुढची त्वचा हलकेच मागे सारून स्वच्छ करावे आणि नंतर ती पुन्हा पुढे आणावी. पहिली धार जाऊ द्यावी आणि मधली धार थेट बाटलीत घ्यावी. बाटलीच्या किंवा झाकणाच्या आतल्या भागास बोट लागू देऊ नये. अर्धी बाटली भरण्याचा आग्रह नको. दहा-वीस मिलिलिटर पुरतात. लघवी लगेच होत नसेल तर नळ सोडून ठेवावा आणि थांबावे. घाई केल्यास शरीर अधिकच आवळले जाते.

ज्यांना लघवीवर ताबाच नाही, त्यांच्या डायपरमधून पिळून नमुना घेण्याचा मोह होतो. कल्चर तपासणीसाठी असा नमुना निरुपयोगी असतो. अशा वेळी परिचारिकेकडून क्षणभर बारीक नळी घालून तो घेता येतो. कॅथेटर कायम असल्यास पिशवीतली लघवी कदापि देऊ नये, कारण ती तासन्‌तास साचलेली असते. नळीवर नमुन्यासाठी खास जागा असते. तिच्या खाली नळी दहा-पंधरा मिनिटे बंद करून, ती जागा स्पिरिटने पुसून, निर्जंतुक सिरिंजने नमुना ओढतात. त्यानंतर नळी पुन्हा उघडण्यास विसरू नये. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल, तर तो बदलून नव्या नळीतूनच नमुना घेणे योग्य. ही कामे प्रशिक्षित हातांचीच आहेत.

येथवर झाली घरातील दहा मिनिटे. पुढे घड्याळ सुरू होते. साधी मूत्रतपासणी असो वा कल्चर, नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा, हा नियम आहे. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात कोणती तपासणी होते आणि नमुना किती वाजेपर्यंत घेतात, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. नमुना बाहेर पाठवायचा झाल्यास जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. मध्ये घाट आणि पावसाळ्यात धुके. माल आणण्यास निघालेल्या टेम्पोबरोबर बाटली देणे व्यापारी घराला सोयीचे वाटते. टेम्पो वाटेत दोन दुकानांपाशी थांबला की दोन तास केव्हाच उलटतात.

दोन तासांचे कारण व्यापाऱ्याला लवकर कळावे, कारण ते चक्रवाढीचे गणित आहे. मूत्रसंसर्गात सर्वाधिक आढळणारा ई-कोलाय हा जंतू अनुकूल उबेत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे दोन तासांत चौसष्ट हजार होतात आणि पुढच्या वीस मिनिटांत लाखाची मर्यादा ओलांडली जाते. खोलीच्या तापमानात वेग मंदावतो, थांबत नाही. अमेरिकेतील डॉक्टर एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात एका मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू हा संसर्ग ओळखण्याचा मापदंड पुढे आणला आणि तो आजही वापरात आहे. म्हणजे घरी निर्दोष असलेला नमुना घाट उतरेपर्यंत दोषी ठरू शकतो आणि वृद्ध देहाला नको असलेले प्रतिजैविक सुरू होऊ शकते.

उपाय थंडाव्याचा आहे. शीतकपाटात २ ते ८ अंशांत नमुना २४ तासांपर्यंत टिकतो. येथे अनेक श्रावक घरे अडखळतात. मलमूत्र ४८ मिनिटांहून अधिक साचू देऊ नये, हा संस्कार रुजलेला. शिवाय अन्नाच्या शीतकपाटात ही बाटली ठेवायची कशी? त्यासाठी बर्फाच्या थैल्या घातलेला वेगळा थर्माकोलचा डबा पुरेसा होतो. बाटली दोन पिशव्यांत घट्ट बांधावी आणि ती बर्फाला थेट टेकू देऊ नये, म्हणजे नमुना गोठणार नाही. पावसाळ्यात वीज जाते तेव्हाही हा डबा उपयोगी पडतो. बोरिक ॲसिड घातलेली बाटली मिळाली तर कल्चरचा नमुना बर्फाविनाही दिवसभर टिकतो. ती प्रयोगशाळेकडे मागून पाहावी.

बाटलीवर नाव, वय, दिनांक आणि नमुना घेतल्याची नेमकी वेळ लिहावी. चिठ्ठीत कॅथेटर आहे की नाही आणि कोणते प्रतिजैविक आधीच सुरू आहे, हेही लिहावे. घरातली उरलेली गोळी देऊन मग नमुना घेणे, ही नेहमीची चूक. जंतू अर्धवट दबतात आणि अहवाल फसवा येतो. नमुना पहिल्या मात्रेआधी घ्यावा. मात्र रुग्ण गुंगीत असेल, श्वास जलद चालत असेल किंवा थंडी थांबत नसेल, तर बाटलीपायी वेळ दवडू नये. आधी रुग्णालय गाठावे. उलट, लघवीला नुसता वास आहे किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावरून कल्चर करण्याची घाई नको. दीर्घकाळ कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच आणि त्रास नसेल तर सहसा त्यांच्यावर औषध लागत नाही.

कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो. त्यात ‘मिश्र वाढ’ असे लिहिले असेल, तर बहुधा नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळलेले असतात. अशा वेळी औषधाची घाई न करता डॉक्टरांना विचारून पुन्हा नमुना द्यावा. सासूबाईंना मात्र दुसऱ्यांदा का, हे खरे सांगावे. नाहीतर चूक आपल्याच देहाची झाली असे समजून त्या पुन्हा पाणी सोडतात.