नक्षी मागे, खेळ पुढे

पूलचा क्यू घ्यायला आलेला माणूस तो उलटा धरून बघतो. जाड बाजू डोळ्यांसमोर, नक्षी उजेडात फिरवायची, आणि ज्या टोकाने बॉल मारायचा ते खाली फरशीकडे. मी भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होतो. नोकरी सोडल्यावर एक छोटी लेथ घेतली आणि पुण्यातल्या एका पूल पार्लरच्या मागच्या खोलीत बसायला लागलो. टिपा बदलायच्या, फेरूल बसवायचं, शाफ्ट घासून गुळगुळीत करायचा, एवढंच काम. देखणे क्यू रोज हातात येतात. त्यातला कुठला खेळेल, हे मात्र त्याचं टोक बघितल्याशिवाय मी सांगत नाही.

क्यू दोन तुकड्यांचा असतो. पुढचा शाफ्ट, मागचा बट, मध्ये पेचाचा जॉइंट. जोडल्यावर लांबी साधारण 58 इंच, वजन 18 ते 21 औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा वर. शाफ्ट बहुतेक हार्ड मेपलचा, टोकाला जेमतेम 13 मिलिमीटर जाड. त्यावर पांढरं फेरूल, म्हणजे छोटी नळी, आणि फेरूलवर चामड्याची टिप. शिंपल्याचे तुकडे, रंगीत कड्या, दोऱ्याचं वेष्टण, वाघ-सिंह-ड्रॅगन हे सगळं बटावर. दुकानातली किंमत चढते तीही बहुधा बटावरूनच.

आता खेळाचं बघा. टिप बॉलला लागून सुटते तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. बॉलच्या बरोबर मध्यावर सरळ मारलंत तर अख्ख्या क्यूचं वजन कामाला येतं. पण पूलमध्ये सरळ मारून भागत नाही. पुढच्या बॉलसाठी पांढरा बॉल जागेवर आणायचा तर त्याला फिरकी द्यावी लागते आणि त्यासाठी टिप मध्यापासून बाजूला लावावी लागते. तसं केलं की बॉल टोकाला आडवा ढकलतो, आणि हा आडवा धक्का तेवढ्या वेळात शाफ्टमध्ये काही इंचच मागे जातो. तो जॉइंटपर्यंत पोचायच्या आत बॉल निघालेला असतो. बट आबनूसचा आहे की प्लास्टिक चिकटवलेला, हे त्या आडव्या धक्क्याला कळतच नाही.

याचा परिणाम टेबलावर दिसतो. डावीकडे टिप लावलीत तर बॉल नेम धरलेल्या रेषेच्या किंचित उजवीकडून निघतो. खोक्यावर ‘लो डिफ्लेक्शन’ लिहिलेलं असतं ते याच सरकण्याबद्दल. शाफ्टचं टोक जितकं जड, तितकं ते आडवं हलायला नाखूश, आणि तितका बॉल जास्त सरकतो. टोक हलकं केलं की सरकणं कमी. अमेरिकेतल्या प्रिडेटर कंपनीने 1994 मध्ये 314 नावाचा शाफ्ट आणला तो याच हिशेबावर. मेपलच्या पाचरीसारख्या पट्ट्या गोलाकार चिकटवलेल्या, टोकाकडे आतून पोकळ. बघायला गेलं तर नुसतं पिवळसर लाकूड. पुढे कार्बन फायबरचे काळे शाफ्ट आले, तेही दिसायला सायकलच्या नळीसारखेच. या खेळातली गेल्या तीस वर्षांतली मोठी सुधारणा अशी बिनशोभेच्या भागात झाली.

म्हणून महागडा शाफ्ट घ्याच, असं मात्र मी म्हणत नाही. जुन्या शाफ्टवर हात बसलेला माणूस बॉल किती सरकेल ते मनात धरूनच नेम घेतो. त्याला नवा शाफ्ट दिला की काही महिने तो सगळं उलट्या बाजूला चुकतो आणि शिव्या मला घालतो.

खरी जादू टिपेत आहे. उघड्या लाकडाने बॉलच्या कडेला मारलं तर काठी घसरते. टोकाला चामडं लावायची युक्ती फ्रान्समधल्या मँगो नावाच्या सैनिकी कॅप्टनने रुळवली, 1807 च्या सुमारास, आणि तुरुंगवासात त्याने हाच उद्योग केला होता असं सांगतात. फिरकीचा खेळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. आजही मी पंधरा हजारांच्या क्यूला चपटी, काचेसारखी गुळगुळीत झालेली टिप बघतो तेव्हा जीव कळवळतो. टिपेला गोलाई हवी. अमेरिकेत पाच सेंटचं नाणं टिपेमागे धरून ती तपासतात. आपलं एक रुपयाचं नाणंही साधारण तेवढंच भरतं, खिशात असतंच. पृष्ठभाग थोडा खरबरीत हवा, म्हणजे चॉक धरून राहतं. कडा फेरूलच्या बाहेर फुलल्या असतील तर त्या कापायच्या. एकसंध चामड्याची साधी टिप स्वस्त असते, थरांची जपानी टिप हजाराच्या वर जाते. साधी टिप नीट बसवून, घासून ठेवलेली असेल तर पार्लरच्या कोपऱ्यात पडलेली स्टिकही उत्तम चालते.

परवा एक इंजिनिअरिंगचा मुलगा नवा क्यू घेऊन आला. बटावर सोनेरी ड्रॅगन आणि त्याखाली चार टोकदार पाती.

“काका, बघा ना, कसा आहे?”

“बट झकास आहे रे. ही पाती लाकडाची आहेत का?”

त्याने नख फिरवून बघितलं. पाती छापील होती, वर लॅकरचा थर. त्याचा चेहरा पडला, पण मी त्याला सांगितलं की छापील असली म्हणून खेळात फरक पडत नाही. फरक आहे तो मूळ कामाला मान देण्यात. ही पाती मुळात शोभेची नव्हतीच. पुढच्या हलक्या मेपलला मागचं जड लाकूड जोडायचं तर दोन्हींना लांब खाचा पाडून एकमेकांत घट्ट बसवत. चिकटायला पृष्ठभाग जास्त मिळे आणि सांधा वर्षानुवर्षं सरळ राही. सुताराची गरज होती ती, डोळ्यांना आवडली म्हणून पुढे नक्षी झाली आणि शेवटी स्टिकर झाली.

त्या जोडकामाचा राजा जॉर्ज बालाबुश्का. 1912 मध्ये रशियात जन्म, 1924 मध्ये अमेरिकेत, लाकूडकामात हात तयार झालेला. 1959 पासून 1975 मध्ये मरेपर्यंत त्याने न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवले. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट नावाचे अखंड क्यू घेऊन, कापून, त्यांचे दुतुकडी क्यू करायचा, म्हणजे ती पाती त्यात आधीपासूनच असायची. आजच्या ड्रॅगनवाल्यांपुढे त्याचे क्यू साधे वाटतील, तरी संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल तो पैसा मोजतात. 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझला बालाबुश्का देतो आणि तेव्हापासून हे नाव पूल न खेळणाऱ्यांनाही माहीत झालं. पडद्यावरचा क्यू मात्र जॉस कंपनीचा होता. बघणाऱ्यांना तो बालाबुश्काच वाटला.

दिसण्याचा उपयोग होतो अशी एक जागा मला माहीत आहे, ती स्नूकरमध्ये. आपल्याकडे क्लबांमधून स्नूकर आधी रुजलं, त्यामुळे जुन्या सभासदांकडे अॅश लाकडाचे बारीक टोकाचे क्यू दिसतात. अॅशच्या रेषा शाफ्टवर बाणासारख्या उमटतात. खेळाडू ते बाण वर ठेवून क्यू दर वेळी एकाच बाजूने धरतो. लाकूड सगळीकडून अगदी सारखं नसतं, म्हणून या सवयीला अर्थ आहे. पूलच्या मेपलवर असे बाण नसतात. बटावर भडक काम असेल तर नेम धरताना डोळा तिकडे ओढला जातो, तेवढाच परिणाम.

बट बिनकामाचा आहे असं समजू नका. वजन, तोल आणि मुठीतली जाडी त्याच्याच हातात. घामट तळहात असेल तर दोऱ्याचं वेष्टण बरं. स्टीलचा जॉइंट टणक आवाज करतो, लाकडाला लाकूड भिडवलेला जॉइंट मऊ. तो आवाज कानाला आणि मनाला सुख देतो, बॉलला तोवर काही सांगायचं राहिलेलं नसतं. नियमही पाहा. आंतरराष्ट्रीय पूल संघटना लांबी किमान 40 इंच, वजन 25 औंसांच्या आत आणि टिप 14 मिलिमीटरच्या आत अशा अटी घालते. नक्षीबद्दल चकार शब्द नाही.

आपल्या हवेत शाफ्टचे सगळ्यात मोठे शत्रू ओल आणि उष्णता. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला किंवा गाडीच्या डिकीत तापलेला शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट सरळ करून देतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. घेताना जोडलेला क्यू लगेच टेबलावर लोळवू नका. आधी शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवा, आणि शाफ्टखालची उजेडाची फट फिरताना लहान-मोठी होते का ते बघा. मग जोडून पुन्हा लोळवा. दोन्ही तुकडे सरळ आणि जोडल्यावर उडी मारत असतील तर दोष जॉइंटच्या तोंडात.

देखणा बट आवडला तर जरूर घ्या. आवडत्या क्यूला माणूस जास्त वेळा हात लावतो आणि सराव वाढतो, हे मी रोज बघतो. फक्त खर्च करताना आधी शाफ्ट आणि टिप यांचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात नक्षी बसवा. आणि माझ्याकडे आलात तर शाफ्ट तेवढा काढून द्या, बट पिशवीतच राहू द्या.