पिंपल्सची ट्यूब घेताय? आधी बारीक अक्षरं वाचा

मुंबई : अंधेरी असो की घाटकोपर, मेडिकलात ‘पिंपल्सवर काहीतरी द्या’ म्हटलं की ट्यूब हातात पडते. सुट्टीला गावी येताना तीच भावंडांसाठी येते. पण तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर घेऊ नका. ही स्टिरॉइडं आहेत. चार दिवस चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. मग कातडी पातळ होते आणि पिंपल्स जोरात उठतात. २०१८ मध्ये सरकारने अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, ती उगाच नाही. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मुंबईत असाल तर जुहूच्या कूपर रुग्णालयात त्वचा विभाग आहे.

पिंपल्सवर डॉक्टर बहुधा ॲडापॅलीन ०.१ टक्के किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के लिहून देतात. कंपनी कुठलीही चालेल, औषधाचं नाव आणि टक्के जुळले पाहिजेत. जनऔषधी केंद्रात विचारून बघा, मिळालं तर स्वस्त पडेल.

ॲडापॅलीन रात्री, तोंड धुऊन सुकल्यावर, वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं. नुसतं फोडावर नाही. सुरुवातीला आग होते, कातडी सुटते. तेव्हा एक दिवसाआड लावा. गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण त्याआधीच कंटाळून सोडतात. गरोदर बायांनी ॲडापॅलीन लावू नये. आणि बेंझॉइल लावून झोपणार असाल तर जुना अभ्रा घ्या, रंग उडतो.