एकच चाबूक, हात मात्र वेगळे

१९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्याच वेळी चीनचं पथकही तिथे आपल्या युद्धकलेची प्रात्यक्षिकं करत होतं. आम्हा वैदर्भीयांना ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी.

चिनी युद्धकलेत ठरलेल्या क्रमाने गुंफलेल्या हालचालींना ‘ताओलू’ म्हणतात. लाठीकाठी शिकलेल्या नागपूरकराला ही कल्पना नवी वाटणार नाही. पण एकच ताओलू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी का दिसतो? जसा एकच यमन किराण्यात आणि ग्वाल्हेरात वेगळा फुलतो, तसंच हे. ताइची या चिनी युद्धकलेतली ‘एकेरी चाबूक’ ही हालचाल घ्या. यांग घराण्यात मागच्या हाताची बोटं जुळवून चोचीसारखी खाली वळवतात. सुन घराण्यात दोन्ही तळवे उघडेच. या घराण्याचे प्रवर्तक सुन लुतांग आधी शिंगयी आणि बागुआ या दुसऱ्या चिनी युद्धकला शिकले होते, आणि त्या शिक्षणाची छाप त्यांच्या ताइचीवर राहिली.

१९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने मुख्यतः यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा छोटा क्रम बांधला. पाच-सहा मिनिटांत तो होतो. नवशिक्याने आधी एकच पाठ पक्का करावा, मग दुसऱ्या घराण्याकडे बघावं.