बोट वाजवून घ्यावी

माहेरी गेले की माझा भाचा काही ना काही नवं खूळ घेऊन बसलेलाच असतो. आधी ससे पाळायचे होते, मग ड्रॅगन फ्रूट लावायचं होतं. या खेपेला मी बारामतीहून एसटीनं उतरते न उतरते तोच म्हणाला, "आत्या, आपण बोट घ्यायची. स्की बोट! सेकंडहँड मिळतेय, स्वस्तात!"

मला आधी कळेचना. आमच्याकडे बोट म्हणजे मासेमाऱ्यांची होडी, नाहीतर पलीकडच्या काठाला सोडणारी लाँच. मग त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पुढे बोट सुसाट चाललीय, मागे दोरी आणि दोरीला धरून एक मुलगी. पायाखाली जेवायच्या पाटाएवढी एकच फळी, पाय त्यात अडकवलेले. बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर ती चढते, उडी मारते, पुन्हा पाण्यावर. याला म्हणतात वेकबोर्डिंग. दोन फळ्या पायाला लावल्या की ते वॉटर स्कीइंग, तो जुना प्रकार. अमेरिकेत १९२२ साली राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं पहिल्यांदा तो केला म्हणतात. फळ्यांची टोकं वर वळवायला त्यानं आईच्या भांड्यात पाणी उकळून त्यात ती बुडवली होती. भांडं कुणाचं घेतलं बघा! जगभर पोरं सारखीच.

मी हसण्यावारी नेलं असतं, पण वहिनी गप्प होत्या. आणि वहिनी गप्प असल्या की मामला गंभीर असतो.

आमचं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, माझा जन्मही त्याच्या आसपासचा. जुनं गाव मी पाहिलेलंच नाही. आईच्या बोलण्यात मात्र ते रोज असायचं. अमुक विहीर, तमुक चिंच. आता त्या सगळ्यावर पाणी. त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो हो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन पहाटेच हजर! त्यांना होडीतून पक्षी दाखवायचे, मग घरी चिलापीचं कालवण नाहीतर पिठलं-भाकरी वाढायची, असा धंदा त्या पट्ट्यात चांगला रुजला आहे. वहिनींच्या बचत गटातल्या बारा जणी स्वयंपाकाचं करतच होत्या. बोट मात्र भाड्याची, आणि पाहुण्यांचे निम्मे पैसे त्या भाड्यात जायचे. म्हणून गटानं ठरवलं, आपली बोट घ्यायची. साठलेले पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून चार लाख होत होते.

आणि भाच्याची स्की बोटही नेमकी चार लाखांना! "सकाळी पक्षी, दुपारी वेकबोर्डिंग. दोन्ही धंदे एका बोटीत," तो म्हणाला. बायकांनाही पटलं होतं. पोरगं शिकलेलं, इंग्रजी येतं, नवी घ्यायला गेलं तर कितीतरी पट जास्त पैसे पडतात हेही खरं. वहिनींचं म्हणणं एवढंच, "ताई, तुम्ही एकदा बघून या आमच्याबरोबर. मग सही करू."

मैत्रिणींनो, मी बीए झाले मराठी आणि इतिहास घेऊन. बोटीतलं मला काय कळणार? पण ट्रॅक्टरचं नि पाण्याच्या मोटारींचं काम करणारे बारामतीतले एक मिस्त्री माझ्या ओळखीचे. तरुणपणी त्यांनी किनाऱ्यावरच्या बोटींच्या इंजिनांवर पाचेक वर्षं काढलेली. त्यांना सोबत घेतलं. जाताना गाडीत त्यांनी आम्हाला शिकवणीच दिली.

ते म्हणाले, स्की बोट नि वेकबोर्डची बोट या सख्ख्या बहिणी वाटल्या तरी स्वभाव उलटे. स्कीवाल्याला पाणी सपाट लागतं, म्हणून स्की बोट मागं लाट कमीत कमी उठेल अशी घडवतात. वेकबोर्डवाल्याला लाट मोठी पाहिजे, तिच्यावरूनच तर तो उडी मारणार! मग जुनी स्की बोट घेऊन लोक काय करतात? मागच्या बाजूला मुद्दाम वजन टाकतात. मोठाल्या पिशव्यांत पाणी भरतात किंवा माणसं बसवतात. बोट दबली की लाट वाढते. दोरी उंचावर बांधायला वरती लोखंडी कमान बसवतात, तिचंही वजन.

"म्हणजे जुनी बोट घ्यायची आणि वर मुद्दाम जड करायची?" वहिनींनी विचारलं.

"तेच तर सांगतोय. म्हणून तिचं अंग आतून निरोगी पाहिजे."

किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचलो तर बोट माडाखाली, निळ्या ताडपत्रीत. ताडपत्री काढली आणि खरं सांगते, माझाही जीव गेला तिच्यावर. लाल-पांढरी, अंगाला पॉलिश, आतल्या सीट नव्या कोऱ्या रेक्झिनच्या. मधोमध इंजिनची पेटी, तिच्यावर गादी. भाच्याचा चेहरा तर नवऱ्या मुलासारखा फुललेला! मालक गोड बोलणारे. चहा आला, शहाळी आली. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलगी जशी सजवून बसवतात तशी ती बोट बसलेली.

मिस्त्रींनी चहा बाजूला ठेवला आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं. बोटीच्या मागच्या पाटीवर ते ठोकत निघाले. टण, टण, टण... आणि मग भद्. पुन्हा टण. पुन्हा भद्, भद्. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी कुंभाराकडून माठ घेताना दुसरं काय करतो? बोटानं वाजवूनच घेतो ना! वहिनींनी मिस्त्रींच्या हातातून नाणं घेतलं आणि स्वतः वाजवायला लागल्या.

कारण असं की जुन्या स्की बोटी वरून दिसायला फायबरच्या, पण आत लाकूड. तळाशी लांबलचक लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर प्लायवूडची जमीन, मागची पाटीही प्लायवूडची, आणि हे सगळं फायबरनं मढवलेलं. सीट बसवताना, हँडल लावताना स्क्रू मारतात. त्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि मढवलेलं असल्यामुळे बाहेर पडायला वाट नाही. लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत राहतं. वरून पॉलिश तसंच चकचकीत!

मिस्त्रींनी जमिनीचा एक स्क्रू काढला. पिळाला काळपट, ओला भुसा चिकटलेला, चहाच्या चोथ्यासारखा. लाकडाचा स्क्रू कोरडा निघायला हवा. मग ते मधल्या वाटेवर टाच दाबत चालले, एका जागी जमीन गादीसारखी दबली. इंजिनची तेलपट्टी काढली तर तेल दुधाळ, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं. इंजिन भलं मोठं, पेट्रोलचं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर थंड होत आलेलं. आतून किती खाल्लं गेलंय ते खोलल्याशिवाय कळणार नव्हतं.

मालक म्हणाले, "वरून एक हात रेझिनचा मारा, दहा वर्षं बघायला नको."

मी कागद मागितले. नोंदणीचं प्रमाणपत्र, सर्व्हेचं प्रमाणपत्र, विमा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे धरण-नदीत चालणाऱ्या इंजिनाच्या बोटीला हे सगळं लागतं. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं, आणि जलाशयात धंदा करायचा तर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. मालकांनी एक पिवळा पडलेला, आधीच्या मालकाच्या नावाचा कागद दिला. बाकीचं "होऊन जाईल" म्हणाले.

परतीच्या वाटेवर भाचा खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, "तुम्हाला द्यायचंच नव्हतं मला काही. आधीच ठरवून आला होतात."

मला वाईट वाटलं. गावात राहून काही करू बघणारी पोरं आहेतच किती? मी गप्प बसले. बोलल्या त्या वहिनी. "अरे, तुझ्या आजीला त्याच पाण्यातून कितीदा पलीकडे नेलंय आम्ही. एकदा तरी जॅकेट घातलं का?"

त्या काय म्हणत होत्या ते त्यालाही कळलं, मलाही. २१ मे २०२४. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. एकच जण पोहत काठाला लागला. अंगावर जॅकेट नव्हती. बाकीचे सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या, आणि आमच्याकडे त्या दोन रात्री कुणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. त्या वाटेनं आम्ही सगळ्यांनी ये-जा केलेली आहे. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, बोटीनं इथल्या इथे. लग्नाला, देवाला, दवाखान्यात. पोर मांडीवर, हातात पिशवी, पदर डोक्यावर. बोट भरली की नाही हे नावाड्यानं बघायचं, आपण जागा मिळाली यातच खूश! त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तिथंही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती बातमी आपण हळहळत वाचली आणि पान उलटलं. चार महिन्यांनी तेच आपल्या दारात आलं.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक झाली. भाच्याला मी मुद्दाम बोलावलं, आणि काठावरचे एक म्हातारे मासेमार बाबा होते त्यांनाही. बाबांनी दोन वाक्यांत निकाल लावला. "तुमची बोट जाईल पुढं. लाट येईल माझ्या होडीत. जाळ्याचं काय करू?" आणि पक्षी? ज्यांच्यासाठी पाहुणे येतात ते रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात उभे राहून चरतात. पाऊण किलोमीटरवरून जरी तसलं इंजिन गरजलं तरी थवा उठणार. मग सकाळचा धंदाही गेला!

शिवाय उजनीचं पाणी काही वर्षभर एका जागी नसतं. धरणात भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती, देवळं, झाडांची खोडं वर यायला लागतात, आणि वर यायच्या आधी ती हातभर पाण्याखाली दबा धरून असतात. स्की बोटीचा पंखा तळाखाली पक्का बसवलेला, वर उचलता येत नाही. मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन असलं तर उथळ पाण्यात ते पटकन वर घेता येतं. जलपर्णी अडकली तरी हातानं काढता येते. ही साधी गोष्ट आम्हा बारा-तेरा बायकांना आधी कळली असती तर किनाऱ्यापर्यंतचं गाडीभाडं वाचलं असतं. पण मग ते भद् आवाज आम्ही ऐकले नसते.

शेवटी घेतली ती जुनीच बोट. आमच्याच पट्ट्यातली, साधी उघडी फायबरची, आउटबोर्डवाली. पॉलिश नाही, रंग उडालेला. या वेळी तीन जणींनी तीन नाणी घेऊन वाजवली. इंजिन थंड असताना सुरू करून बघितलं, कारण विकणारे कधी कधी आधीच तापवून ठेवतात. मग अर्धा तास पाण्यात फिरवली आणि तळाशी पाणी साठतंय का ते पुसून-पुसून पाहिलं. कागद गटाच्या नावावर होऊन हातात येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत यावर वहिनी अडून बसल्या. त्यात दोन महिने गेले आणि हंगामाची सुरुवात हुकली. एक-दोघी कुरकुरल्या. "एवढं कोण बघतंय इथं?" वहिनींनी ऐकून घेतलं, पण हलल्या नाहीत.

राहिलेल्या पैशातून आधी जॅकेट घेतली. त्यात तीन लहान मुलांच्या मापाची, कारण मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निसटून जातं. जॅकेटला मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो साडीवर कसा घ्यायचा यावर एक अख्खी दुपार गेली. हसून हसून पोट दुखलं. उपाय असा निघाला की पलीकडे जायचं तर पंजाबी ड्रेस. साठीच्या दोघींनीही शिवून घेतले!

भाचा महिनाभर रुसला होता. मग त्यानंच शोधून काढलं की गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं बोट चालवायचं नि बुडत्याला वाचवायचं शिक्षण मिळतं. फी दादानं भरली. परत आला तो काळा होऊन, आणि गटातल्या बायकांना गळ्याएवढ्या पाण्यात उभं करून जॅकेट घालून तरंगायला शिकवायला लागला. पहिल्या दिवशी चौघीच उतरल्या. वहिनी सगळ्यात शेवटी. जन्म पाण्याच्या काठावर गेला त्यांचा, पण पाण्यात पाय पहिल्यांदाच सुटले होते.

मागच्या आठवड्यात गेले तर बोट काठावर पालथी आणि भाचा ब्रश घेऊन तिच्या कडेवर आकडा रंगवत बसलेला. मोठा, पिवळा आठ. भोवती बायकांचं भांडण जोरात.

"आठ म्हणजे पाहुणे आठ, नावाडी वेगळा."

"पोरं मोजायची का? मांडीवरचं पोर?"

वहिनी भाकऱ्या टाकायच्या सोडून पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "नावाडी धरून आठ. मांडीवरचंही मोजायचं. रंगव तसं खाली, अक्षरात."

भाच्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि मला विचारलं, "आत्या, 'नावाडी'मधला 'डी' पहिला का दुसरा?"